कातळावरची राखण

रत्नागिरीची ‘निसर्गयात्री’ ही संस्था दशकभराहून अधिक काळ कोकणातले सडे (जांभ्या दगडाची उघडी पठारे) पालथे घालते आहे. शोध जांभ्यावर कोरलेल्या चित्रांचा, म्हणजे कातळशिल्पांचा. पद्धत अगदी साधी: गावात जायचे, गुराख्यांना आणि जुन्या माणसांना विचारायचे, मग माती, गवत झाडून रेषा मोकळ्या करायच्या. मोजमाप आणि नोंदी त्यानंतर.

कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब. त्याच्या पोटात इतर प्राण्यांची लहान-मोठी चित्रे. इतरत्र एकशिंगी गेंडाही कोरलेला आहे. आज कोकणात गेंडा कुठला! बारसूला दोन वाघांच्या मधोमध माणूस उभा. कोरणारे कोण, याचे उत्तर मात्र सड्याने अजून दिलेले नाही.

2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत या शिल्पांची 9 ठिकाणे आली: रत्नागिरी जिल्ह्यातली 7, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसामळ. यादीत नाव आले म्हणून सडा खणून जांभ्याचे चिरे काढणारी चिरेखाण थांबत नाही, हे वेगळे सांगायला नको. बहुतेक चित्रे खासगी जमिनीत आहेत, त्यामुळे खरी राखण गावकऱ्यांच्याच हाती. उक्षीला तिथल्या कोरलेल्या हत्तीभोवती चिऱ्यांचे कुंपण उभे राहिले, ते गावाने मनावर घेतले म्हणून.

पाहायला जाल तेव्हा चपला बाहेर काढा. फोटोसाठी रेषांत खडू भरू नका.