खुब्याचे दुखणे आणि धीराचा हिशेब

आपल्या न्यासाच्या मागील दोन वार्षिक सभांना मी आले नाही. जाजमावर दोन तास बसावयाचे, मग दस्तरखानावर जेवावयाचे आणि उठताना शेजारणीचा खांदा धरावयाचा, याची मला धास्तीच वाटू लागली होती. कारण मात्र मी कोणास सांगितले नाही. पुढे कानावर आले की, "बाईंना हल्ली आपल्यात बसवत नाही." हे वाक्य अक्षरशः खरे होते. मला बसवतच नव्हते. आपल्यातही नाही आणि शाळेतल्या खुर्चीवर किंवा बसच्या बाकावरही नाही.

स्मरणिकेसाठी शिक्षणाविषयी काही लिहा, अशी सूचना मला झाली होती. परंतु या विषयावर लिहिण्याची परवानगी मी मागून घेतली. कारण, मी आपले दुखणे उघड सांगू लागल्यावर ओळखीच्या घराघरांतून तेच ऐकू आले. कोणाला कुशीवर झोपवत नाही, कोणी जिना चढताना कठडा धरते, कोणी त्याला वात म्हणते, कोणी वयाचा दोष म्हणते. आणि बहुतेक जणी ते मुकाट्याने सोसतात. मी वैद्य नव्हे. चार वर्षे सोसून, तज्ज्ञांकडून समजून घेऊन आणि वाचून जे पदरी पडले, तेवढेच येथे मांडते.

दुखते कोठे?

स्नायूचे टोक ज्या चिवट दोरीने हाडाला बांधलेले असते, तिला कंडरा म्हणतात. खुब्याच्या बाहेरच्या अंगाला हात लावला तर मांडीच्या हाडाचा एक उंचवटा लागतो. कुल्ल्यातील दोन स्नायूंच्या कंडरा तेथे येऊन चिकटतात. आपण एक पाऊल उचलतो तेव्हा सारे शरीर दुसऱ्या पायावर तोललेले असते, आणि त्या क्षणी कंबर एका बाजूला कलू न देण्याचे काम हे स्नायू करतात. म्हणजे दिवसभरात जितकी पावले, तितके त्यांचे श्रम.

या कंडरा थकल्या, त्यांचे तंतू विस्कटले, की खुब्याच्या बाहेरच्या बाजूस दुखू लागते आणि कधी ते मांडीवरून गुडघ्यापर्यंत उतरते. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. पूर्वी अशा दुखण्याला तेथील द्रवाच्या छोट्या पिशवीची सूज म्हणत असत; आता असे दिसून आले आहे की, बहुतेक वेळा मूळ दोष कंडरेत असतो. चाळिशी ते साठीच्या स्त्रियांत हे दुखणे पुरुषांहून अधिक आढळते. रजोनिवृत्तीच्या काळातील बदल हे त्याचे एक कारण मानले जाते. मधुमेह आणि वाढलेले वजन यांचाही कंडरांवर परिणाम होतो.

याचेच एक भावंड आहे. बसताना ज्या हाडावर भार येतो, त्या बैठकीच्या हाडाला मांडीच्या मागच्या स्नायूंच्या कंडरा जोडलेल्या असतात. त्या दुखावल्या तर कठीण बाकावर बसणे, लांब टांगा टाकून भराभर चालणे आणि कमरेत वाकणे जड जाते. पुष्कळदा याला सायटिका समजले जाते. सायटिकाची कळ बहुधा गुडघ्याच्या खाली पावलाकडे जाते, आणि तिच्यासोबत मुंग्या किंवा बधिरपणा असतो. फरक करणे आपले काम नव्हे. तो तपासणीनेच करावा. परंतु दोन्ही निराळी आहेत, एवढे माहीत असावे.

माझ्या दोन चुका

पहिली चूक विश्रांतीची. दुखते म्हणून मी उन्हाळ्याची सारी सुटी पलंगावर काढली. दुखणे कमी झाले, आणि मला वाटले, गेले! शाळा उघडली, बेळगावचा पाऊस सुरू झाला, ओल्या जिन्यावरून दिवसातून आठ वेळा चढउतार सुरू झाली, आणि आठवड्याच्या आत पहिल्यापेक्षा अधिक ठणका लागला. याचे कारण आता समजते. कंडरेला रक्तपुरवठा थोडा असतो. तिची झीज सावकाश भरते. तिला मोजका ताण मिळत राहिला तर ती टिकाऊ होते. ताण अजिबात मिळाला नाही तर ती आणि तिचा स्नायू, दोन्ही दुबळी होतात. सुटीत मी खुबा बरा केला नव्हता, नुसता आळशी केला होता.

दुसरी चूक शौर्याची. त्यानंतर मला एक इंजेक्शन देण्यात आले आणि अडीच-तीन महिने मोठा आराम पडला. त्या आनंदात मी घराची साफसफाई, लग्नघरचे काम, सहलीबरोबर किल्ल्याची चढण, सर्व काही एकदम उरकले. औषधाने वेदना झाकली होती. कंडरेचे बळ होते तेथेच होते. आराम संपला तेव्हा मी पुन्हा पहिल्या पायरीवर आले.

याविषयी एक चांगला प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. खुब्याच्या बाहेरच्या कंडरेचे दुखणे असलेल्या २०४ लोकांचे तीन गट केले होते. एका गटाला आठ आठवडे व्यायाम आणि उठण्याबसण्याच्या सवयींचे शिक्षण दिले, दुसऱ्याला स्टेरॉइडचे एक इंजेक्शन, आणि तिसऱ्याला धीर धरून वाट पाहण्यास सांगितले. आठ आठवड्यांनंतर पहिल्या गटातील सुमारे ७७ टक्के लोकांनी आपण बरेच सुधारलो असे सांगितले; इंजेक्शनच्या गटात हे प्रमाण सुमारे ५९ आणि नुसती वाट पाहणाऱ्यांत २९ टक्के होते. वर्षअखेरीसही सुमारे ७९ टक्क्यांसह पहिलाच गट पुढे होता. मला शिक्षिका म्हणून यात एक शब्द फार मोलाचा वाटला, तो म्हणजे शिक्षण. नुसत्या व्यायामाने नव्हे, तर आपण दिवसभर कसे उभे राहतो हे शिकल्याने माणसे सुधारली.

उठावे कसे, बसावे कसे

गुडघा शरीराच्या मध्यरेषेपलीकडे गेला, की बाहेरची कंडरा त्या उंचवट्यावर दाबली जाते. हा दाब टाळणे हे पहिले औषध. फळ्याजवळ उभी असताना एका पायावर भार टाकून कंबर बाजूला काढण्याची मला वीस वर्षांची सवय होती. ती मोडावी लागली. पायावर पाय टाकून बसू नये. दोन्ही पाय एका बाजूला घेऊन एका कुल्ल्यावर रेलून बसू नये. झोपताना न दुखणाऱ्या कुशीवर झोपावे आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी घ्यावी; मला पहिली सलग झोप लागली ती या उशीने. काही दिवस बैठक उंच ठेवावी, म्हणजे उठताना खुब्यावर जोर येत नाही. बैठकीच्या हाडापाशी दुखत असेल तर मऊ गादी घ्यावी आणि दर अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत.

ताणण्याचे व्यायाम चटकन सुचवले जातात. परंतु गुडघा दुसऱ्या खांद्याकडे ओढून धरणे बाहेरच्या कंडरेला, आणि गुडघे ताठ ठेवून पायाचे अंगठे धरणे मागच्या कंडरेला, बहुधा बाधते. ओढून ताणण्यापेक्षा बळ वाढवणे हे खरे काम.

मला शिकवले गेले ते व्यायाम साधे आहेत. उताणे पडून, गुडघे वाकवून, पावले एकमेकांपासून वीतभर दूर ठेवून कंबर सावकाश उचलावी व सावकाश खाली आणावी, दहा वेळा. पाय थोडे फाकून उभे राहावे आणि पावले जागची न हलवता, जमीन दोन्हीकडे सारतो आहोत असा हलका जोर पंधरा सेकंद द्यावा. हाताचा आधार कमी करीत करीत खुर्चीवरून उठावे आणि बसावे. मग भिंतीला धरून बाजूला पावले टाकावीत, आणि फार पुढे जिन्याची एक पायरी. हे सर्व जाणत्या फिजिओथेरपिस्टने एकदा समोर करून घ्यावे. प्रत्येकीचे माप वेगळे असते.

हे माप कसे ठरवावे? वेदनेला दहापैकी गुण द्यावेत. व्यायाम करताना तीन-चार गुणांपर्यंत दुखले आणि दुसऱ्या सकाळी खुबा पूर्वीइतकाच असला, तर माप बरोबर. सकाळी अधिक ठणकला तर माप जास्त झाले. थोडे कमी करावे, पण बंद करू नये. आठवड्यात एकदम दुप्पट करू नये. सुधारणा महिन्यांत मोजावी, दिवसांत नव्हे.

मनाची बाजू

शरीराचे एवढे सांगितले, पण मला अधिक जड गेले ते मनाचे. या दुखण्याला प्लास्टर नसते, टाके नसतात. चेहरा ठीक दिसतो, म्हणून लोकांना ते दिसत नाही. आणि काही दिवसांनी आपल्यालाही शंका येऊ लागते की, आपण कांगावा तर करीत नाही? माझी चिडचिड वर्गातील मुलांवर निघू लागली. एका मुलीने वही उशिरा दिली म्हणून मी तिला नको ते बोलले. त्या रात्री झोप आली नाही ती खुब्यामुळे नव्हे.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेल्या आणि २०२० साली सुधारलेल्या व्याख्येत वेदना हा शरीराचा आणि भावनेचा असा एकत्र अनुभव मानलेला आहे. याचा अर्थ वेदना खोटी असते असा नव्हे. अर्थ असा की, जाग्रण, काळजी आणि भीती यांनी मज्जासंस्था अधिक हळवी होते, आणि तेवढ्याच दुखापतीची हाक मोठी ऐकू येते. दुखले म्हणजे दर वेळी काही तुटले असे नसते. हे कळल्यावर माझे पाऊल थोडे निर्भयपणे पडू लागले.

दुसरा उपाय वहीचा. हजेरीपटासारखी एक वही केली: आज किती चालले, किती व्यायाम, झोप कशी, वेदनेला किती गुण. एक वाईट दिवस आला की वाटते, सारे फुकट गेले. वही सांगते की, तीन महिन्यांपूर्वी असे दिवस आठवड्यात पाच होते, आता महिन्यात तीन आहेत. निराशेला स्मरणशक्ती फार कमी असते; म्हणून लिहून ठेवावे.

तिसरी गोष्ट नमाजची. आजारी माणसाला बसून नमाज अदा करण्याची मुभा आहे, हे मी मुलांना शिकवते. पण स्वतः खुर्चीवर बसावयाची वेळ आली तेव्हा मला लाज वाटली, आणि मी दात-ओठ खात जमिनीवरच बसत राहिले. शेवटी अम्मांनी विचारले, "बेटी, ही इबादत आहे की हट्ट?" मी उत्तर देऊ शकले नाही. आपण सब्र म्हणतो, म्हणजे हात बांधून सोसत बसणे, असे मला वाटत असे. आता वाटते, रोज दहा वेळा कंबर उचलणे आणि फळासाठी सहा महिने थांबणे, हाच माझ्या वाट्याचा सब्र होता.

केव्हा थांबू नये

पुढील लक्षणे असतील तर घरचे उपाय करीत बसू नये: पडल्यानंतर पाय टेकवत नसेल, ताप, वजन घटणे किंवा कोणत्याही स्थितीत न थांबणारी रात्रीची वेदना असेल, पायातील शक्ती कमी होत असेल, बधिरपणा वाढत असेल, लघवी-शौचावरील ताबा सुटत असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. जांघेत खोल दुखत असेल, विशेषतः पूर्वी दीर्घकाळ स्टेरॉइडची औषधे घेतली असतील, तर खुब्याच्या सांध्याची तपासणी करावी. सांध्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खुंटण्याचा रोग निराळा आहे, आणि त्यात वेळ दवडणे महागात पडते.

शेवटची विनंती

आज मी पूर्ण बरी आहे असे म्हणणार नाही. पण जिना चढते, त्या कुशीवर तासभर झोपते, आणि वर्गात मुलांना पुन्हा माझे हसणे दिसते. महोत्सवाच्या सभेला मी येणार आहे. भिंतीकडेच्या खुर्चीवर बसेन आणि अर्ध्या तासाने उठून मागे उभी राहीन. भाषण कंटाळवाणे झाले असे वक्त्यांनी कृपया समजू नये.

न्यासाच्या चालकांस एवढेच सुचवावेसे वाटते की, जाजमाच्या कडेला दहा-बारा खुर्च्या नेहमीच मांडून ठेवाव्यात, आणि तेथे बसणाऱ्यास कोणी कारण विचारू नये. मागील दोन वर्षांत माझ्यासारख्या आणखी कोण कोण घरी राहिल्या, हे त्या खुर्च्या भरल्या की आपल्याला समजेल.