विमानाचा ठावठिकाणा : आकाशातील पाळत आणि नियमांचे बंधन

नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंघजी विमानतळावरून २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेखाली हैदराबादची विमानसेवा सुरू झाली आणि मराठवाड्याच्या दळणवळणात एका नव्या पर्वाचा आरंभ झाला. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनास दूरदूरचे भाविक येतात. नांदेड-लातूरकडील तरुण शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने हैदराबाद किंवा मुंबईमार्गे सातासमुद्रापलीकडे जातात. विमानप्रवास आता मूठभरांचा राहिलेला नाही. एस.टी. वाटेत खोळंबली तर पुढील स्थानकावरील वाहतूक नियंत्रकाकडे चौकशी करता येते. परंतु आकाशात गेलेल्या विमानाचा ठावठिकाणा कोण ठेवतो, असा प्रश्न घरी वाट पाहणाऱ्यांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे.

पाळत कशी ठेवली जाते?

जमिनीवरील रडार दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात रडारने सोडलेल्या लहरी विमानावर आदळून परत येतात व विमानाची दिशा आणि अंतर समजते. दुसऱ्या प्रकारात रडार जणू प्रश्न विचारते आणि विमानातील ‘ट्रान्सपॉन्डर’ हे यंत्र आपला सांकेतिक क्रमांक व उंची कळवून उत्तर देते. याखेरीज उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान ठरवून ते स्वतःहून सतत प्रक्षेपित करणारी यंत्रणाही आता प्रचारात आली आहे.

तथापि रडारच्या दृष्टीला मर्यादा आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे, दहा किलोमीटर उंचीवरील विमानही सुमारे चारशे किलोमीटरपलीकडे त्याला दिसत नाही. म्हणूनच मराठवाड्यावरून जाणारे विमान नजरेत ठेवणे तुलनेने सुलभ असते. महासागरावरील विमानाची गोष्ट निराळी आहे.

दुर्घटनांनी शिकविलेले धडे

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबिया व कझाकस्तानच्या दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. त्यावेळी दिल्लीच्या रडारवर विमानांची उंची दिसण्याची सोय नव्हती. या आघातानंतर उंची दाखविणारे रडार आले आणि टक्कर टाळणारी यंत्रणा भारतात विमानांना सक्तीची झाली. अशी यंत्रणा जगात त्यापूर्वीच उपलब्ध होती. उणीव होती ती सक्तीची.

१ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे विमान २२८ जणांसह अटलांटिक महासागरात कोसळले. ते दर दहा मिनिटांनी आपले स्थान कळवीत होते. तरीही समुद्रतळावरील त्याचे मुख्य अवशेष सापडण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली.

सर्वांत मोठा धडा मिळाला तो ८ मार्च २०१४ रोजी. मलेशियन एअरलाइन्सचे एम.एच. ३७० हे विमान २३९ जणांसह दिसेनासे झाले. त्यांत पाच भारतीय होते. विमान मलेशियाच्या नियंत्रणातून व्हिएतनामच्या नियंत्रणात जात असतानाच ट्रान्सपॉन्डरचे उत्तर बंद पडले. नियमानुसार पाच मिनिटांत विचारणा व्हावयास हवी होती. ती झाली सतरा-अठरा मिनिटांनी. शोध व बचाव केंद्र कार्यान्वित होण्यास तर सुमारे चार तास गेले. पुढे विमानाचे काही तुकडे हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर मिळाले. मुख्य अवशेष मात्र वर्षानुवर्षांच्या शोधानंतरही हाती लागले नाहीत.

नवे नियम काय सांगतात?

या घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आपल्या मानकांत सुधारणा केली. ८ नोव्हेंबर २०१८ पासून, ४५,५०० किलोग्रॅमहून अधिक वजनाच्या व १९ हून अधिक आसनांच्या विमानाचे स्थान, महासागरावर नियंत्रण कक्षाला ते पुरेशा वेळा कळत नसल्यास, विमान कंपनीने निदान दर पंधरा मिनिटांनी स्वतः नोंदविणे बंधनकारक झाले. म्हणजे विमान कोठे आहे हे जाणणे ही आता केवळ नियंत्रकाची नव्हे, तर कंपनीचीही जबाबदारी ठरली.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान पंधरा मिनिटांत २२५ किलोमीटर अंतर कापते. नांदेड-हैदराबाद हे हवाई अंतर याहून फारसे अधिक नाही. एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ मराठवाड्याच्या जवळजवळ अडीचपट भरते. एवढ्या समुद्रात विमान शोधणे किती दुष्कर, हे सांगावयास नको.

म्हणूनच पुढचे पाऊल टाकण्यात आले. १ जानेवारी २०२४ पासून प्रथम उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मिळणाऱ्या, २७,००० किलोग्रॅमहून अधिक वजनाच्या विमानांसाठी आणखी एक मानक ठरले. विमान संकटात सापडताच त्यातील यंत्रणेने आपोआप, दर मिनिटास, स्थान कळवावे, असे ते मानक आहे. अपघातस्थळ सहा सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटरच्या, आत निश्चित व्हावे हा त्यामागील हेतू आहे. हे क्षेत्र लातूर जिल्ह्याच्या अठराव्या हिश्श्याएवढे भरते. शिवाय, पाण्याखालून संकेत देणाऱ्या यंत्राची मुदत तीस दिवसांवरून नव्वद दिवसांवर नेण्यात आली.

लहान विमानांचे काय?

आपल्या भागाच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रादेशिक सेवेतील ए.टी.आर. ७२ जातीच्या विमानाचे कमाल वजन सुमारे २३,००० किलोग्रॅम असते. वरील दोन्ही मर्यादांत ते बसत नाही. अशा विमानांची मदार जमिनीवरील पाळतीवर आणि आपत्कालीन संकेतयंत्रावर असते. ४०६ मेगाहर्ट्झवरील हा संकेत उपग्रह टिपतात व भारतात तो बंगळूरच्या केंद्रामार्फत बचाव यंत्रणेकडे पोहोचतो. मात्र ते यंत्र चालू स्थितीत आणि त्याची नोंदणी अद्ययावत असली पाहिजे. अन्यथा संकेत मिळूनही तो कोणाचा, हे उमगण्यात मोलाचा वेळ जातो.

आंतरराष्ट्रीय मानके देशात लागू करणे व त्यांचे पालन होते की नाही हे पाहणे हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे काम होय. यंत्रे कितीही अचूक झाली, तरी संपर्क तुटताच कोणी, कोणाला, किती मिनिटांत विचारावयाचे हे नियमच ठरवितो. तो कागदावर न राहता नित्याच्या सरावात उतरला, तरच विमानातील प्रवासी आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले कुटुंब या दोघांनाही खरा दिलासा मिळेल.