केडगावचे मुक्ती मिशन

पुणे–दौंड लोहमार्गावरच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन हे निराधार स्त्रिया-मुलांचे आश्रयस्थान. त्याचे मूळ मात्र लंडनच्या फुलम भागात सापडते. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडात असताना वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी तिथले आपले एक आश्रयगृह त्यांना दाखवले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायका तिथे कामधंदा करून मानाने राहत होत्या. अशा बायकांना कोणी जवळ करते, हेच रमाबाईंना नवे होते. कारण विचारले तेव्हा एका भगिनीने शुभवर्तमानातली, येशूने जवळ केलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. धर्मसिद्धान्तांवरून पुढे भगिनींशी त्यांचे खटके उडाले, पण फुलममध्ये पाहिलेले त्या विसरल्या नाहीत.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तिथे धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाई स्वतः प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचे दार उघडे असे, आणि मुली आत येऊन बसू लागल्या. मुलींना ख्रिस्ती केले जाते म्हणून ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. त्यांची तक्रार अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. उघड्या दाराचाही परिणाम होतोच.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आईवडील आणि बहीण दुष्काळातच गमावलेल्या रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन परतल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे एवढ्या जणींना पुण्यात ठेवणे शक्य नव्हते. केडगावची शेतजमीन आधीच घेतलेली होती. तिथे विहिरी खणल्या गेल्या, घरे उठली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या माणसांत ज्यांना कुठेच थारा नव्हता, त्यांच्यासाठी वेगळी घरे होती. कृपा सदन फसवल्या गेलेल्या बायकांचे, म्हणजे फुलमचाच केडगावातला अवतार. प्रीती सदन म्हाताऱ्या-अपंगांचे. अंध मुलींना रमाबाईंची कन्या मनोरमाबाई ब्रेल शिकवत. मात्र बसून खाणे कोणाच्याच वाट्याला नव्हते. हातमाग, तेलघाणी, दुभती जनावरे, शेती, शिवण, स्वयंपाक, ज्याला जे झेपेल ते काम. दानाच्या पैशावर चाललेल्या संस्थेत ही शिस्त कडक वाटते, पण आश्रितपणाची लाज तिनेच कमी केली असावी.

छापखाना ही त्यातली सर्वांत मोठी उडी. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले; खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे तिथल्याच मुली-बायकांनी केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. संस्था आजही केडगावात सुरू आहे.