तुळशीने गटार शुद्ध होते काय?

सत्यजित राय हे आमचे आवडते दिग्दर्शक. १९८१ साली दूरदर्शनसाठी केलेला त्यांचा 'सद्गती' ज्यांनी पाहिला, त्यांना याचे कारण सांगायला नको. चर्मकार दुखीचे प्रेत दोरी बांधून ओढत नेणारा तो पंडित आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. याच रायांचा 'गणशत्रू' (१९८९) मात्र अनेक समीक्षकांनी दुय्यम ठरवला. तो दुय्यमच आहे, हे आम्हालाही मान्य. १९८३ च्या हृदयविकारानंतर डॉक्टरांनी बाहेरच्या चित्रीकरणाला मनाई केली होती. त्यामुळे सगळा सिनेमा चार भिंतींत, खुर्च्यांवर बसून बोलणाऱ्या माणसांचा झाला आहे.

तरीही आमच्या वाचकांनी तो जरूर पाहावा. इब्सेनच्या १८८२ च्या नॉर्वेजियन नाटकात दूषित पाणी असते आरोग्य-स्नानगृहांचे. रायांनी ते थेट बंगालमधल्या चंडीपूरच्या देवळात आणले! गावात कावीळ पसरते. डॉ. अशोक गुप्ता (सौमित्र चॅटर्जी) पाणी तपासून घेतात आणि देवळाच्या तीर्थातच रोगजंतू निघतात. देवळाचे चालक म्हणतात, तीर्थात तुळस आहे, गंगाजल आहे, ते दूषित होईलच कसे? नगरपालिकेचा प्रमुख हा डॉक्टरांचा सख्खा भाऊ. भक्तांची गर्दी आटली तर गावाचे उत्पन्न बुडेल, ही त्याची खरी धास्ती. 'जनवार्ता'चा पुरोगामी संपादक आधी पाठ थोपटतो आणि मग लेख छापायलाच नकार देतो. असले पुरोगामी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

हे पाहताना महाड आठवल्यावाचून राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तर सनातन्यांनी शेण-गोमूत्र ओतून तळे 'शुद्ध' केले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि गटाराने बाटत नाही, असे हे शास्त्र!

पण भर सभेत डॉक्टरांना विचारले जाते, तुम्ही हिंदू आहात का? ते म्हणतात, होय, काही रूढी तेवढ्या पाळत नाही. इथे राय कचरले, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या देवळाच्या पायरीवर कोणाला मज्जाव होता, तीर्थात मिसळणारे ते गटार कोण उपसत होते, हा प्रश्न 'सद्गती' करणाऱ्या माणसाला पडू नये? इब्सेनचा डॉक्टर शेवटी एकटेपणातच आपले बळ मानतो. रायांच्या डॉक्टरांसाठी मात्र सुशिक्षित तरुण घोषणा देत येतात. शेवट आशेचा आहे खरा. पण त्या घोषणांत कावीळ झालेल्या वस्तीतला कोणी होता की नाही, हे राय दाखवत नाहीत.