सर्पगंधेच्या मुळीची परीक्षा

सर्पगंधेच्या वाळलेल्या मुळ्यांची दोन पोती शेजारी शेजारी ठेवली, तर त्यांतील फरक डोळ्यांना सहसा दिसत नाही. दोन्हींतील मुळ्या मातकट पिवळसर, वेड्यावाकड्या व उभ्या सुरकुत्या पडलेल्या. दोन्हींची चव अत्यंत कडू. तथापि औषध तयार करणाऱ्याच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला, की एक पोते स्वीकारले जाते आणि दुसरे परत पाठविले जाते. दीड-दोन वर्षे जमीन गुंतवून पीक घेणाऱ्या शेतकऱ्याला हा निकाल अन्यायाचा वाटला, तर त्यात नवल नाही. परंतु उसाची किंमत जशी केवळ वजनावर न ठरता साखरेच्या उताऱ्याशी निगडित असते, किंवा दुधाचा भाव जसा त्यातील स्निग्धांशावर ठरतो, तसेच औषधी मुळीचे मोलही तिच्यातील गुणकारी द्रव्यावर अवलंबून असते. हे द्रव्य कसे शोधले गेले, ते कसे मोजतात आणि त्याचे प्रमाण शेतकऱ्याच्या हाती कितपत असते, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

जुन्या अनुभवाला प्रयोगाची जोड

सर्पगंधा हे कमरेपेक्षाही कमी उंचीचे, बहुवर्षायु झुडूप आहे. त्याचे शास्त्रीय नाव रौवोल्फिया सर्पेंटिना. आपल्या देशात वैद्य व वनवासी लोक त्याची मुळी फार पूर्वीपासून वापरीत आले आहेत. बिहार व उत्तर प्रदेशाच्या भागांत तर ‘पागल की दवा’ या नावानेच ती ओळखली जात असे. निद्रानाश, उन्माद व अस्वस्थता यांवर तिचा उपयोग होई. पण मुळीतील कोणत्या घटकाने हा गुण येतो, किती मात्रा योग्य आणि किती घातक, याचे उत्तर परंपरेजवळ नव्हते.

१९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीच्या अर्कातून काही स्फटिकरूप अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव देण्यात आले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी मनोविकार व वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर ही मुळी उपयुक्त ठरते, असा आपला अनुभव प्रसिद्ध केला. पुढे रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये अल्कलॉइडांच्या परिणामांचा पद्धतशीर अभ्यास केला.

येथे एक कोडे उभे राहिले. स्फटिकरूपाने वेगळी काढलेली द्रव्ये झोप व शांतता आणण्याच्या गुणाचा पूर्ण उलगडा करू शकत नव्हती. उलट, ती काढून घेतल्यावर मागे उरलेल्या राळेसारख्या चिकट भागात हा गुण शिल्लक असल्याचे दिसून आले. म्हणजे जो भाग गाळ म्हणून बाजूला सारला जावा, त्यातच मुख्य द्रव्य दडलेले होते. याच भागाचा पाठपुरावा करून १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सीबा कंपनीच्या संशोधकांनी ‘रेसरपीन’ हे शुद्ध द्रव्य वेगळे केले.

या प्रवासात मुंबईचा वाटा महत्त्वाचा आहे. किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयाशी संबंधित असलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन केलेल्या निरीक्षणांचा लेख १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात छापून आला. तो वाचून परदेशी डॉक्टरांचे लक्ष या मुळीकडे वळले. वकील यांना त्यांच्या या कामाबद्दल १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. रानातील एका झुडपाला जगाच्या औषधकोशात स्थान मिळाले ते अशा रीतीने: प्रथम अनुभव, नंतर अर्क, नंतर त्या अर्काचे भाग पाडून प्रत्येकाची परीक्षा आणि अखेरीस रुग्णांवरील काळजीपूर्वक निरीक्षण.

प्रयोगशाळेत काय पाहतात?

प्रयोगशाळा मुळीला तीन प्रश्न विचारते. ही मुळी खरोखर सर्पगंधेचीच आहे काय? ती स्वच्छ व निर्भेळ आहे काय? आणि तिच्यात गुणकारी द्रव्य किती आहे?

पहिल्या प्रश्नासाठी मुळीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सर्पगंधेच्या कुळात इतरही झाडे आहेत. त्यांतील रौवोल्फिया टेट्राफायला हे मूळचे अमेरिकेतील झुडूप आता आपल्याकडेही पडीक जागेत उगवते. त्याच्या मुळीच्या सालीत दगडासारख्या कठीण पेशी आढळतात. खऱ्या सर्पगंधेच्या सालीत त्या नसतात. या दुसऱ्या झुडपातही रेसरपीन असते, पण त्यातील द्रव्यांचे मिश्रण वेगळे असल्याने एकाऐवजी दुसरी मुळी चालत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी मुळीतील ओलावा, राख व परकीय वस्तू मोजतात. मुळी जाळून उरलेल्या राखेचा जो भाग आम्लात विरघळत नाही, तो बहुतांशी माती व रेती असते. खोडाचे तुकडे मिसळले आहेत काय, बुरशी आली आहे काय, शिसे किंवा आर्सेनिकसारखी विषारी द्रव्ये आहेत काय, हेही तपासले जाते.

तिसऱ्या प्रश्नासाठी मुळीची पूड करून तिचा अर्क काढावा लागतो. अर्क कोणत्या द्रवात काढला, याला फार महत्त्व आहे. रेसरपीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून प्रयोगशाळेत मद्यार्कासारख्या द्रवाचा उपयोग करतात. अर्कात ड्रॅगेनडॉर्फचे द्रावण टाकल्यावर नारिंगी-तांबडा साका आला, म्हणजे अल्कलॉइडे असल्याची खूण पटते. परंतु ही केवळ खूण होय. तेवढ्यावरून प्रमाण कळत नाही. ते मोजण्यासाठी अर्कातील घटक वर्णलेखन पद्धतीने एकमेकांपासून वेगळे करून शुद्ध रेसरपीनच्या नमुन्याशी ताडून पाहतात.

हे प्रमाण किती अल्प असते, ते ध्यानी घेण्यासारखे आहे. एक किलो चांगल्या वाळलेल्या मुळीत रेसरपीन साधारणतः एका ग्रॅमच्या आसपास असते, असे धरू. रक्तदाबासाठी डॉक्टर देत असत ती मात्रा दिवसाला पाव मिलिग्रॅमपर्यंत होती. या हिशेबाने एका किलोत सुमारे ४,००० दिवसांच्या मात्रा सामावतात. एवढे तीव्र द्रव्य अंदाजाने मोजून चालणार नाही, हे उघड आहे.

‘अमुक झाडाच्या अर्काची प्रयोगशाळेत चाचणी झाली आहे’ असे वाक्य हल्ली वरचेवर ऐकू येते. त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. काचेच्या नळीतील चाचणीत गुण दिसणे ही पहिली पायरी होय. त्यानंतर प्राण्यांवर परिणाम व विषारीपणा पाहावा लागतो आणि मग माणसांवर, नियमांच्या चौकटीत, परीक्षा होते. पहिल्या पायरीवरचे अनेक अर्क शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचत नाहीत.

मुळीचा कस शेतातच ठरतो

प्रयोगशाळा गुण मोजू शकते, घालू शकत नाही. तो शेतातच यावा लागतो. लागवडीसाठी निवडलेले झाड अस्सल असल्याची खात्री प्रथम करावी. खऱ्या सर्पगंधेची पाने बहुधा तीन-तीनच्या मंडलात येतात, फुले पांढरी व किंचित जांभळट छटेची, त्यांचे देठ तांबडे आणि पिकलेले फळ जांभळट काळे असते. टेट्राफायलात चार पाने एका मंडलात येतात व ती आकाराने सारखी नसतात.

बियांची उगवण बेताची असते. त्यामुळे रोपवाटिकेत बी नेहमीपेक्षा जास्त टाकावे. मुळांच्या तुकड्यांपासूनही लागवड होते. पाणी साचणाऱ्या जमिनीत हे पीक घेऊ नये. काढणीची घाई हे कमी कसाचे एक मोठे कारण आहे. लागवडीपासून किमान अठरा महिने पूर्ण झाल्यावर, हिवाळ्यात पाने गळून झाड विश्रांती घेत असताना मुळ्या खणाव्यात. आदल्या दिवशी हलके पाणी दिल्यास त्या न तुटता निघतात.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. मुळीतील बहुतेक अल्कलॉइडे तिच्या सालीत असतात, आतील लाकडात फार थोडी. मुळ्या स्वच्छ दिसाव्यात म्हणून त्या खरवडल्या किंवा दगडावर घासल्या, तर मालाची किंमतच मातीत जाते. माती पाण्याने हळुवार धुवावी, बारीक मुळ्या फेकून देऊ नयेत आणि माल हवेशीर सावलीत वाळवावा. मुळी कटकन मोडू लागली, की ती वाळली असे समजावे. प्रकाशाने व ओलाव्याने गुण कमी होतो. म्हणून साठवण कोरड्या व अंधाऱ्या जागी करावी.

नमुना कसा घ्यावा?

माती परीक्षणासाठी नमुना घेण्याची रीत ग्रामसेवकांच्या परिचयाची आहे. तीच येथे उपयोगी पडते. एकाच पोत्याच्या तोंडची मूठभर मुळी म्हणजे नमुना नव्हे. प्रत्येक पोत्यातून वरून, मधून व तळातून थोडा थोडा माल घ्यावा, तो स्वच्छ कापडावर एकत्र करावा, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग काढून टाकावेत आणि सुमारे अर्धा किलो उरेपर्यंत हीच कृती करावी. निवडक जाड मुळ्या पाठविण्याचा मोह टाळावा. त्यामुळे अहवाल चांगला येईल, पण माल पोहोचल्यावर तो परत येईल.

नमुन्याच्या कापडी पिशवीत चिठ्ठी ठेवावी. तीवर गाव, लागवडीची व काढणीची तारीख, वाळविण्याची रीत व पोत्यांची संख्या लिहावी. तेवढाच दुसरा नमुना मोहोरबंद करून शेतकऱ्याने स्वतःजवळ ठेवावा. अहवालाबद्दल वाद निर्माण झाल्यास फेरतपासणीसाठी तोच त्याचा आधार होय. त्याच शेतातील पानाफुलांसह एक फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवून ठेवल्यास झाडाच्या ओळखीचा प्रश्नही मिटतो.

दोन इशारे

पहिला इशारा सेवनाबद्दल आहे. ही मुळी घरच्या घरी कुटून घेणे धोक्याचे आहे. रेसरपीन मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली काही आवश्यक द्रव्ये रिकामी करते. त्यामुळे रक्तदाब उतरतो व मन शांत होते. पण मात्रा वाढली, तर नाडी मंदावते, नाक चोंदते आणि रुग्णाला खोल उदासीनता घेरू शकते. अशा परिणामांमुळे आणि नवी औषधे उपलब्ध झाल्यामुळे डॉक्टर आता रक्तदाबासाठी हे औषध प्रथम निवडत नाहीत. सर्पदंशावर तर या मुळीचा भरवसा मुळीच धरू नये. नावात सर्प आहे म्हणून ती विषावर उतारा ठरत नाही. दंश झालेल्या माणसाला वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे. तेथील प्रतिविष हाच खरा उपाय आहे.

दुसरा इशारा रानाबद्दल आहे. पानांचे औषध असेल तर झाड पुन्हा पालवते. मुळीचे औषध असेल तर झाडच जाते. जगभरातून मागणी आल्यावर रानातील सर्पगंधा इतकी उपटली गेली, की १९९० साली तिचा समावेश वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादीत करावा लागला. रानातून मुळ्या खणून आणलेल्या मालाचे वय, ओळख व कस यांची खात्रीही देता येत नाही. म्हणून लागवड हाच योग्य मार्ग आहे. लागवडीपूर्वी खरेदीदाराशी भाव व तपासणीच्या अटी लेखी ठरवाव्यात आणि वाहतूक व विक्रीचे नियम वन खात्याकडून समजून घ्यावेत.

वकिलांनी आपल्या रुग्णांचा रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजला, सिद्दिकींनी अर्काचा प्रत्येक भाग वेगळा केला आणि बाझलच्या संशोधकांनी उरलेल्या राळेलाही टाकाऊ मानले नाही. हीच काटेकोर वृत्ती ज्या शेतकऱ्याने लागवडीत, काढणीत व नमुना घेण्यात बाळगली, त्याला प्रयोगशाळेच्या अहवालाचे भय बाळगण्याचे कारण नाही. तो अहवाल त्याच्या बाजूने साक्ष देईल.