एचआयव्ही चाचणी : किटची अचूकता आणि अहवालाची खात्री

१ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन जवळ आला की चाचणी शिबिरांच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांत ‘९९ टक्क्यांहून अधिक अचूक’ हे शब्द हमखास असतात. मात्र ही अचूकता किटची असते, आणि हाती पडलेला अहवाल कितपत खरा हे तपासल्या गेलेल्या लोकांत बाधित किती, यावरही ठरते.

समजा, एखाद्या किटची संवेदनशीलता, म्हणजे बाधितांना हेरण्याचे प्रमाण, आणि विशिष्टता, म्हणजे अबाधितांना योग्य रीतीने वगळण्याचे प्रमाण, ही दोन्ही ९९.५ टक्के आहेत. भारतातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के असल्याने एक लाख लोकांच्या तपासणीत २०० बाधितांपैकी १९९ सापडतील, पण उरलेल्या ९९,८०० अबाधितांपैकी ४९९ जणांचे नमुनेही ‘रिॲक्टिव्ह’ येतील. म्हणजे पहिल्या चाचणीत रिॲक्टिव्ह ठरलेल्या दर दहांतील सात जणांना संसर्गच नसेल, आणि यात तंत्रज्ञाचा काडीचाही दोष नसेल.

म्हणूनच राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) पद्धतीनुसार लक्षणे नसलेल्या व्यक्तीचा नमुना तीन वेगवेगळ्या किटवर रिॲक्टिव्ह आल्याखेरीज तिला बाधित ठरवले जात नाही. ही किट निरनिराळ्या तत्त्वांवर किंवा प्रतिजनांवर, म्हणजे विषाणूच्या ज्या अंशांना रक्तातील प्रतिपिंडे चिकटतात त्यांवर, आधारलेली असावी लागतात. तेच किट तीनदा वापरले तर पहिलीच चूक तीनदा वदवून घेतल्यासारखे होते. असे असूनही शस्त्रक्रियेपूर्वीच्या एकाच रॅपिड चाचणीवर ‘पॉझिटिव्ह’ असा शेरा मारून कागद नातेवाइकांच्या हाती देण्याचे प्रकार घडतात. एचआयव्ही-एड्सविषयीच्या २०१७ च्या कायद्याने चाचणीपूर्वी माहितीपूर्ण संमती आवश्यक केलेली असताना याला निष्काळजीपणाच म्हटले पाहिजे.

‘निगेटिव्ह’ अहवालाची अडचण निराळी आहे, कारण प्रतिपिंडे तयार होण्यास लागणाऱ्या काळात, ज्याला विंडो पिरियड म्हणतात, संसर्ग असूनही चाचणी कोरी येऊ शकते. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या रॅपिड चाचणीसाठी हा काळ तीन महिन्यांपर्यंत, तर पी-२४ प्रतिजनही शोधणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचणीसाठी सुमारे ४५ दिवस धरतात.

रक्तपेढीचे गणित मात्र उलटे असते : तेथे रुग्णाला निर्धोक रक्त मिळणे महत्त्वाचे असल्याने एकाच चाचणीत रिॲक्टिव्ह आलेली पिशवी बाद केली जाते, पण तेवढ्यावरून दात्याला बाधित न ठरवता पुढील चाचण्यांसाठी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्राकडे पाठवले जाते.