फोल्डर केला म्हणजे गिटमध्ये गेला?

समजा, बंगळूरच्या शिवाजीनगरची माहिती आपण काही जण मिळून जमवतोय. ‘शिवाजीनगर’ फोल्डर केला, आत ‘रसेल मार्केट’ आणि ‘बॅसिलिका’ असे दोन रिकामे फोल्डर. कमिट करायला गेलो तर गिट म्हणतं, कमिट करण्याजोगं काही नाही. इथे बिघाड शोधू नये. गिटच्या इंडेक्समध्ये नोंद होते ती फाइलींची, त्यांच्या पूर्ण पत्त्यासकट. रिकाम्या फोल्डरमध्ये नोंदवण्याजोगं काही नसतंच.

यावर ‘डॉट गिटकीप’ नावाची फाइल टाकतात. ती गिटची खास सोय आहे, हा आणखी एक गैरसमज. तो निव्वळ प्रघात आहे, कुठलीही फाइल चालते. मी तर म्हणेन, इथे काय ठेवायचंय हे दोन ओळींत सांगणारी रीडमी ठेवा. सबव्हर्जन मात्र रिकाम्या फोल्डरचीही नोंद ठेवतं, त्यामुळे तिकडून आलेली माणसं इथे हमखास अडखळतात.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे, फोल्डर एकदा ॲड केला की पुढचं आपोआप होतं. होत नाही. उद्या त्याच फोल्डरमध्ये आलेली नवी फाइल पुन्हा ॲड करावी लागते. ॲड केलेल्या फाइलचंही तसंच. ॲड म्हटल्या क्षणी फाइलमध्ये जे होतं तेच पुढच्या कमिटसाठी घेतलं जातं. नंतर त्यात चार दुकानांची नावं घातली आणि तसंच कमिट केलं, तर ती चार नावं बाहेरच राहतात. म्हणून कमिटआधी स्टेटस बघायची सवय हवीच. त्यातही एक मेख आहे. पूर्ण नवा फोल्डर असेल तर स्टेटस नुसतं फोल्डरचं नाव दाखवतं, आतल्या फाइली नाहीत. त्या बघायला ‘अनट्रॅक्ड फाइल्स’चा पर्याय ‘ऑल’ करावा लागतो.

‘गिटइग्नोर’मध्ये नाव घातलं की फाइल सुटली, असंही नाही. आधीपासून नोंद असलेल्या फाइलवर त्याचा काही परिणाम होत नाही. ती आधी इंडेक्समधून काढावी लागते, आणि तरी जुन्या कमिटांमध्ये ती राहतेच. पासवर्ड पुश झाला असेल तर आधी पासवर्ड बदला.

देवनागरी नावं गिटला चालत नाहीत म्हणून ‘शिवाजीनगर’ रोमनमध्ये लिहिणारे भेटतात. स्टेटसमध्ये त्या नावाच्या जागी ३४०, २४४, २६६ असे आकडे दिसतात, म्हणून ही भीती. ते आकडे म्हणजे ‘श’चे यूटीएफ-८ मधले तीन बाइट, अष्टमान पद्धतीत लिहिलेले. नाव शाबूत असतं. ‘कोअर कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ केलं की टर्मिनलवर अक्षरं नीट दिसतात.

नाव बदललं तर इतिहास पुसला जातो, हीसुद्धा भीतीच. शिवाजीनगरचं जुनं नाव ब्लॅकपल्ली. फोल्डर त्या नावाचा असेल आणि आपण तो बदलला, तर गिट नामांतराची वेगळी नोंद करत नाही. जुन्या पत्त्यावरच्या फाइली गेल्या, नव्यावर आल्या, एवढंच. मात्र फरक दाखवताना ते मजकुराची तुलना करतं आणि साधारण निम्म्याहून जास्त साम्य असेल तर नामांतर ओळखतं. म्हणून नाव बदलण्याचं कमिट वेगळं करा, मजकुरातल्या दुरुस्त्या पुढच्या कमिटमध्ये घ्या.